परदेशातून परतलेली गॅरंड कशी पारखावी

अमेरिकी लष्कराने 1936 साली एम-1 गॅरंड ही रायफल स्वीकारली. तिचे रचनाकार जॉन गॅरंड मूळचे कॅनडाचे, पण काम केले मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत. आठ काडतुसांची क्लिप एकदा वरून दाबून बसवली की प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागत नाही. चाप दाबत राहायचे. अशा 50 लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या.

दुसरे महायुद्ध संपल्यावर यातल्या पुष्कळशा मित्रदेशांना दिल्या गेल्या : डेन्मार्क, ग्रीस, इटली, तुर्कस्तान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स. बऱ्याच रायफली उसन्या होत्या, मालकी अमेरिकेचीच. त्या फौजांनी नवी शस्त्रे घेतली, तशा या परत येऊ लागल्या. अमेरिकेत त्या नागरिकांपर्यंत पोहोचतात त्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या संस्थेमार्फत. 1903 पासून चालत आलेला हा सरकारी उपक्रम 1996च्या कायद्याने ना-नफा महामंडळाकडे गेला. खरेदीदार अमेरिकी नागरिक असावा लागतो, संलग्न नेमबाजी क्लबचा सभासद असावा लागतो, आणि त्याची पार्श्वभूमीही तपासली जाते.

रायफल हाती आली की आधी ती रिकामी असल्याची खात्री करा. उजवीकडचा ऑपरेटिंग रॉड पूर्ण मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा. बोल्ट झटक्याने पुढे येतो, त्यामुळे अंगठा सांभाळा.

आता खुणा बघू. मागच्या साइटच्या पाठीमागे, रिसीव्हरवर कारखान्याचे नाव आणि सिरियल नंबर असतो. नंबरावरून रिसीव्हर साधारण कधी बनला ते कळते. ऑपरेटिंग रॉड मागे असतानाच नळीच्या उजव्या बाजूला पाहिले, तर तिचा महिना व वर्ष दिसते. समजा रिसीव्हर 1943चा निघाला आणि नळी 1952ची, तर मधल्या काळात नळी बदलली गेली, हे उघड आहे. नळीवर ‘व्हीएआर’ अशी अक्षरे असतील, तर ती डेन्मार्कच्या शस्त्रागारात बनलेली.

नवखे संग्राहक इथेच खट्टू होतात : रायफल ‘ओरिजनल’ नाही म्हणून. पण लष्करी डेपोत दुरुस्तीसाठी रायफली खोलल्या जात, आणि जोडताना हाताला येईल तो चालू भाग बसवला जाई. मिसळलेले भाग हीच तिच्या नोकरीची नोंद आहे. बाजारातून ‘जुळणारे’ भाग आणून ही नोंद पुसू नये, असे मला मनापासून वाटते.

नळीची झीज दोन टोकांना गेजने मोजतात. चेंबरकडच्या टोकाला गोळीबाराच्या उष्णतेने झीज होते. तोंडाकडची झीज बहुतेकदा साफसफाईने होते. गॅरंडचा रिसीव्हर मागून बंद असल्याने सफाईची सळई तोंडातूनच घालावी लागते. त्यातच युद्धकाळातल्या बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमधून क्षार मागे राहत. ते ओल धरून नळी गंजवत, म्हणून सैनिक सळई सतत फिरवत. गेजवरचा आकडा लहान, तर नळी कमी झिजलेली.

शेवटी दस्ता. अक्रोडाच्या लाकडावर तपासनिसाची आद्याक्षरे, दुरुस्ती डेपोचे शिक्के उमटलेले असतात. ते फार उथळ असतात, सँडपेपरचे चार हात फिरले की गेलेच. दस्ता ओल्या कापडाने पुसा, सुकू द्या, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. ओरखडे राहू द्या. आणि रायफल प्रत्यक्ष चालवायची असेल, तर जड गोळीची आधुनिक काडतुसे टाळा. जादा दाबाने ऑपरेटिंग रॉड वाकतो.

आणि एक वही ठेवा. सिरियल नंबर, नळीची तारीख, प्रत्येक शिक्का, कोणत्या देशातून आली, गेजचे आकडे, तुम्ही कोणता भाग बदललात, सारे तारखेसह लिहा. रायफल पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला ही वहीही द्या. तुमच्याकडचा काळ हासुद्धा तिच्या इतिहासाचाच भाग आहे.