मोबाईल थांबवता आला पाहिजे

भाताची लावणी उरकली असेल, नाहीतर निम्मी तरी झाली असेल. कंबर दुखत असेल, पण कान मोकळे आहेत ना? मग आज थोडं शाळेविषयी बोलूया.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत एक अर्ज आला. गटातल्या एका अक्कांची सून डी.एल.एड. करते. म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणायचो, तो बारावीनंतरचा दोन वर्षांचा शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम. या अभ्यासक्रमात आंतरवासिता असते. त्या काळात शिकाऊ शिक्षिकेनं खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवायचं असतं. तिला पवन मावळातली एक प्राथमिक शाळा मिळाली होती. तिनं अंतर्गत कर्जातून आठ हजार रुपये मागितले होते आणि कारण लिहिलं होतं, ‘वर्गात शिकवण्यासाठी मोबाईल’.

बैठकीत गलका झाला. एक मावशी म्हणाल्या, “शेळीला दिलं असतं, शिलाई मशीनला दिलं असतं. मोबाईलला कसलं कर्ज?” दुसऱ्या म्हणाल्या, “पोरं घरी मोबाईल सोडत नाहीत, आता मास्तरीणबाईच दाखवणार का?” प्रश्न बरोबर होते. पैसा सगळ्यांच्या घामाचा, तेव्हा विचारायलाच हवं. म्हणून आम्ही ठरवलं, कर्ज द्यायचं, पण मोबाईलनं वर्गात नेमकं काय होतं ते तिनं दर बैठकीत सांगायचं. तिच्याकडून आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाबद्दल. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात पैसे भरायला आपण जो चौकोन स्कॅन करतो, तसाच चौकोन मुलांच्या बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो निघाला १९९४ साली जपानमध्ये, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. आपल्याकडच्या किती बाया-मुली तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत असले सुटे भाग हाताळतात! त्या चौकोनात चित्रफीत किंवा गाणं भरलेलं नसतं. त्यात असतो फक्त पत्ता. फोन तो पत्ता वाचतो आणि इंटरनेटवरून त्या घरी जातो.

पुस्तकातला पत्ता जातो ‘दीक्षा’ नावाच्या सरकारी अ‍ॅपकडे. हे अ‍ॅप ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षक दिनी, सुरू झालं. त्यावर धड्याचे व्हिडिओ असतात, सरावाचे प्रश्न असतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे भरायच्या अ‍ॅपनं पुस्तकातला कोड उघडू नका, दीक्षा अ‍ॅपमध्येच स्कॅन करायची सोय आहे. फोनचा कॅमेरा खराब असेल तर चौकोनाखाली सहा अक्षर-आकड्यांचा संकेतांक असतो, तो टाइप केला तरी चालतं.

पुस्तकात असे कोड यावेत, यासाठी धडपडलेल्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकाचं नाव पुढे येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. परितेवाडीतल्या बऱ्याच मुलांच्या घरी कानडी बोलतात. मराठी पुस्तक त्यांना परकं वाटायचं. गुरुजी स्वतः कानडी शिकले, मुलांच्या भाषेत धडे तयार केले आणि ते कोडमधून पोचवले. म्हणजे बघा, आधी मुलांची अडचण ओळखली, मग यंत्र हातात घेतलं.

हा क्रम आमच्या सुनबाईंना मात्र अनुभवानंच कळला.

तिचा पहिला पाठ तिसरीचा होता, पाण्यावरचा. पाठ टाचण सुंदर लिहिलं होतं. पण जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि आपल्या खोऱ्यातली रेंज तुम्हाला माहीत आहेच. वर्गात कोड स्कॅन केला आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटांत मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई शांतपणे म्हणाल्या, “फळ्यावर ढग काढ.” त्या दिवशी खडूनं पाठ निभावला. घरी येऊन ती रडली. कर्ज काढून घेतलेली वस्तू पहिल्याच दिवशी उपयोगाला आली नव्हती.

दुसऱ्या वेळी ती कामशेतला गेली तेव्हाच रेंजमध्ये व्हिडिओ दीक्षा अ‍ॅपमध्ये उतरवून घेतला. असा उतरवलेला व्हिडिओ नंतर इंटरनेटशिवाय चालतो. फोन रात्रीच चार्ज केला. या वेळी व्हिडिओ छान चालला, मुलं चिडीचूप. तिला वाटलं, जिंकलो. नंतर विचारलं, “पाऊस कसा पडतो?” उत्तर आलं, “बाई, ढगाला डोळे होते!” मुलांनी बघितलं होतं, पण समजून घेतलं नव्हतं. एका फोनभोवती सत्तावीस मुलं, मागच्यांना तर दिसलंच नव्हतं.

तिसऱ्या वेळी तिनं मुलांचे गट पाडले. एक गट फोनपाशी, बाकीचे चित्र काढताहेत, शब्द लिहिताहेत, मग पाळीपाळीनं बदल. अर्धा मिनिट दाखवायचं आणि थांबवायचं. “आता पुढे काय होईल?” विचारायचं. मुलं अंदाज बांधणार, भांडणार, मगच पुढचं दाखवायचं. शेवटी मुलांना पडवीत नेलं आणि पागोळ्यांखाली तांब्या धरायला लावला. हे पाणी कुठून आलं, आता कुठे जाईल? एक पोरगा म्हणाला, “ओढ्यात, मग पवनेत, मग धरणात.” हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. बैठकीत ती आम्हाला म्हणाली, “मोबाईल चालवायला सगळ्यांनाच येतो. वर्गात तो थांबवता आला पाहिजे.”

तिनं आणखी एक गोष्ट केली. दुसरीच्या मुलांकडून चार-चार ओळी वाचून घेऊन त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. महिन्यानं पुन्हा तेच. दोन्ही आवाज मुलाला ऐकवायचे. कुठे अडखळत होतो ते मुलाला स्वतःच कळतं. याला इंटरनेट लागत नाही, खर्चही नाही. आमच्या गटातली एक बाई कातकरी वस्तीवर राहते, तिला वाचता येत नाही. मुलगी शाळेत वाचते का नाही, हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिनं ते दोन आवाज ऐकले, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, “पुन्हा लावा.” शेळीचं विचारणाऱ्या मावशी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत मात्र हप्ता लिहून घेताना म्हणाल्या, “हे कर्ज वाया नाही गेलं.”

मग आपण काय करायचं? पहिलं, घरात एकच फोन असतो आणि तो बहुतेक वेळा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो. अभ्यासासाठी तो संध्याकाळी अर्धा तास ठरवून मागून घ्या. मुलाला देता तसा मुलीलाही द्या. दुसरं, मूल व्हिडिओ बघत असताना शेजारी बसा. आपल्याला वाचता येत नसलं तरी “थांबव, मला सांग काय झालं” एवढं म्हणता येतं. तिसरं, मुलांचे फोटो आणि आवाज कुणी कुठे पाठवतंय यावर लक्ष ठेवा. आईबापांना विचारल्याशिवाय ते गावच्या ग्रुपवर जाता कामा नयेत. सुनबाई रेकॉर्डिंग आधी पालकांना विचारून करायची आणि काम झालं की पुसायची.

चौथं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नुसती सही करून येऊ नका. विचारा, शाळेतला टीव्ही किंवा टॅब चालू आहे का? कपाटात कुलूपबंद आहे का? वीजबिल कोण भरतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळे मुलांना वाचता येतंय का?

सुनबाईंचं कर्ज आता दोन हप्ते राहिलंय. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. तिला आपल्या सगळ्यांच्या शुभेच्छा.

आज घरी गेल्यावर मुलाचं पुस्तक उघडा, तो चौकोन शोधा. आणि फोन नसला तर? मुलाला पागोळ्यांखाली तांब्या धरायला लावा, आणि विचारा, हे पाणी कुठून आलं?