नाण्याला मागचे आठवत नाही

सत्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त गणितशिक्षक गेल्या महिन्यात सुनेसह दवाखान्यात आले. रात्री दोनदा लघवीसाठी उठतात. पण दिवा लावत नाहीत, ही सुनेची तक्रार. सर म्हणाले, "डॉक्टर, अकरा वर्षे त्या घरात अंधारात चालतो आहे. एकदाही पडलो नाही. आता काय पडणार?"

मी रुपयाचे नाणे पुढे केले. "सर, सलग पाच वेळा छापा पडला, तर सहाव्या वेळी?"

"शक्यता निम्मी-निम्मीच. नाण्याला मागचे आठवत नाही."

"मग न्हाणीघराच्या ओल्या फरशीला आपली अकरा वर्षे कशी आठवतील?"

सर हसले. पण हिशेब इथेच संपत नाही. नाणे एकदा उडवले, तर छापा पडण्याची शक्यता दोनांत एक. दोनदा उडवल्यास एकदा तरी छापा पडण्याची शक्यता चारांत तीन, तीनदा उडवल्यास आठांत सात. फेकी वाढतात, तशी 'एकदा तरी' घडण्याची शक्यता वाढत जाते.

आता केवळ हिशेबासाठी असे धरू, की अंधारातील एका फेरीत पडण्याचा धोका हजारात एक आहे. रोज दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला ७३०. वर्षभरात एकदा तरी पडण्याची शक्यता होते सुमारे ५२ टक्के, म्हणजे जवळजवळ छापा-काटाच! दिवा व आधाराची दांडी यांमुळे प्रत्येक फेरीचा धोका चौथाईवर आला, तर तीच शक्यता सुमारे १७ टक्क्यांवर उतरते.

शिवाय नाणे वर्षानुवर्षे तेच राहते. शरीर राहत नाही. दृष्टी मंदावते, स्नायू क्षीण होतात, उठताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर पूर्वीसारखे चालणे अनेकांना पुन्हा जमत नाही.

म्हणून घरातील मंडळींनी एवढे करावे: पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा रात्रभर तेवत ठेवावा. फरशी कोरडी ठेवावी, वाटेतील सतरंजी काढावी, शौचालयात आधाराची दांडी बसवावी. ज्येष्ठांनी उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहावे. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलावे. स्वतःहून बंद करू नयेत. रात्री वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर त्याचेही कारण तपासून घ्यावे.

नाणे परत करीत सर सुनेला म्हणाले, "जाताना दिवा घेऊ या."