झाडांच्या शेंड्यांखालचा थरार

थीम पार्कमध्ये आधी राइड उभी करायची आणि मग तिच्याभोवती फायबरचे डोंगर, किल्ले मांडायचे, हा सोपा मार्ग आहे. त्यातून देखावा तयार होतो, पण राइड त्या जागेची होत नाही. ती जागेची व्हायची तर आखणी जागेपासूनच सुरू व्हायला हवी. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधलं ऑल्टन टॉवर्स याचा ठसठशीत पुरावा आहे. ही श्रूजबरीच्या अर्ल घराण्याची जुनी जहागीर. भोवती बागा, राई, लहान गावं. इथल्या राइड झाडांच्या शेंड्यांवर डोकावता कामा नयेत, असं बंधन आहे. उंची हेच ज्याचं भांडवल, त्या रोलरकोस्टरला ही अट म्हणजे जवळजवळ बंदीच. राइडची आखणी करणारे जॉन वॉर्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग वर जाण्याऐवजी खाली जायचं ठरवलं. सुरुंग लावून खडक फोडला आणि 1994 मध्ये त्या खड्ड्यात ‘नेमेसिस’ सुरू झाली. उंची जेमतेम 13 मीटर, पण सर्वांत मोठा उतार 30 मीटरहून अधिक. रूळ डोक्यावर आणि पाय अधांतरी, त्यामुळे खडकाची कड पावलांना घासून जाईल असं वाटतं. खाली लालभडक पाणी वाहतं. जमिनीत सापडलेल्या अक्राळविक्राळ जीवाला पोलादाने जखडून ठेवलंय, ही राइडची कथा त्या खड्ड्यात खरी वाटते. सपाट डांबरी मैदानावर ती हास्यास्पद ठरली असती.

लोक वेगासाठी येतात, मिनिटभराच्या राइडमध्ये खडक कोण बघतो, असं कुणी म्हणेल. पण वेग कळतो तो जवळून सरकणाऱ्या वस्तूंमुळेच. मोकळ्या आभाळात ताशी 80 किलोमीटर तितकेसे अंगावर येत नाहीत. शिवाय रांगेत ताटकळणाऱ्यांना बघायला वेळच वेळ असतो. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण खडक फोडणं प्रत्येक पार्कला परवडणार नाही. मात्र जुळवून घ्यायला दरवेळी सुरुंग लागत नाही. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ‘टॉवर ऑफ टेरर’ या राइडचा मनोरा शेजारच्या एपकॉट पार्कमधल्या मोरोक्को दालनामागे दिसतो. म्हणून त्याचा रंग आणि माथ्याची घडण त्या दालनाशी मिळतीजुळती ठेवली. रंग तर द्यायचाच होता. तो कुठून कसा दिसेल याचा विचार तेवढा आधी केला.

‘नेमेसिस’ 2022 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली आणि 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. बहुतेक रूळ नवे घातले, पण वळणं 1994 चीच ठेवली, आणि तेच योग्य झालं.