कौशल्याचा जुगार

धर्मतल्ल्याच्या एका गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर दोन टेबलांची एक बिलियर्ड्सची खोली होती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कलकत्त्यात शिकत असताना माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी तिथे गेल्या. ‘येथे जुगार खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी भिंतीवर होती आणि त्या पाटीखालच्या बाकावर बसूनच पैजा लागत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. त्यानिमित्ताने ‘खेळ कौशल्याचा की नशिबाचा’ हा जुना वाद पुन्हा उभा राहिला, आणि मला ती खोली आठवू लागली. तिथे जे चाले त्यात नशिबाचा वाटा नगण्य होता. ते निखळ कौशल्य होते, आणि तरीही माणसे तिथे बुडत.

तिथल्या सर्वांत तरबेज खेळाडूला सगळे मास्टर म्हणत. तरुणपणी तो एका साहेबी क्लबात मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, चेंडू मांडणारा, क्यू पुसून ठेवणारा नोकर. सभासदांना सरावासाठी जोडीदार हवा असेल, तर खेळायला उभा राहणाराही तोच. सभासदांपेक्षा मार्कर कितीतरी सरस असे. पण साहेबाला हरवणे बक्षिसीच्या हिशेबात बसत नसे. मास्टर सांगे, ‘जिंकायला मी दोन वर्षांत शिकलो. कोणाच्या लक्षात न येता हरायला दहा वर्षे लागली.’ क्लबातली नोकरी गेल्यावर हीच विद्या त्याचे भांडवल झाली.

तिची रीत ठरलेली होती. नवा माणूस आला की मास्टर रॅकमधला सर्वांत वाकडा क्यू उचले. खडू लावताना हात थरथरल्यासारखा करी. सोपा चेंडू पॉकेटच्या तोंडावर अडके आणि मास्टर कपाळावर हात मारून घेई. चुकतानाही पांढरा चेंडू मात्र असा थांबलेला असे, की पुढच्याला सरळ मारा मिळूच नये. पहिल्या दोन फ्रेम पाहुणा जिंके. मग पैज दुप्पट होई, आणि मास्टर अखेरच्या काळ्या चेंडूवर, जेमतेम, जणू दैवयोगाने जिंके. मोठ्या फरकाने जिंकायचे नाही, हा त्याचा दंडक होता. एका चेंडूने हरलेला माणूस पुन्हा खेळतो. चाळीस गुणांनी हरलेला कोट उचलून घरी जातो.

हा धंदा कलकत्त्याचा शोध नव्हे. अमेरिकेत तर त्याची दंतकथा झाली. अशा भटक्या खेळाडूंवरची वॉल्टर टेव्हिस यांची ‘द हसलर’ ही कादंबरी १९५९ ची, तिच्यावरचा पॉल न्यूमनचा चित्रपट १९६१ चा. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातल्या जॉन्स्टन सिटी या लहानशा गावी जॅन्स्को बंधूंनी या मंडळींची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. दिवसा सामने आणि रात्रभर पैजा हा तिथला क्रम १९७२ मध्ये केंद्रीय यंत्रणेची धाड पडेपर्यंत चालला. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत खेळायला गेला तो सेझार मोरालेस या नावाने. त्याचे खरे नाव ऐकून पैजेला कोणी उभे राहिले नसते. कौशल्य असणे आणि ते लपवणे, या दोन गोष्टी मिळून हा धंदा बनतो.

आपल्याकडेही या खेळाचे पैशांशी नाते जन्मापासूनचे आहे. ‘पूल’ या शब्दाचा अर्थच मुळी सर्वांनी मिळून पणाला लावलेली रक्कम असा. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये ‘ब्लॅक पूल’ या पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळात नवे रंगीत चेंडू मिसळून नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने स्नूकर घडवला, असे खेळाचा इतिहास सांगतो. त्याच्या आठच वर्षे आधी, १८६७ मध्ये, सार्वजनिक जुगाराविरुद्धचा कायदा झाला होता आणि जबलपूर ज्यात येई तो मध्य प्रांत त्याच्या कक्षेत होता. पण त्या कायद्याचा रोख होता बाजारातल्या अड्ड्यावर, म्हणजे जागा किंवा साधने वापरू देण्याबद्दल जिथे मालक पैसे घेतो अशा घरावर. अड्डेवाल्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, तिथे सापडलेल्या खेळणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद. आणि बाराव्या कलमात एक सवलत होती : निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही.

या एका सवलतीवर पुढे मोठी इमारत उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे ठरवले. मात्र ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे तिला ते संरक्षण राहिले. १९६७ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तर ब्रिज, पोकर, रमी यांसारखे पत्त्यांचे खेळ जुगाराच्या व्याख्येतूनच वगळले होते. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने काल्पनिक संघ निवडण्याच्या ऑनलाइन खेळालाही कौशल्याच्या बाजूला बसवले. मग मोबाइलवरच्या रमी, पोकर, पूल, कॅरम अशा खेळांच्या कंपन्यांनी याच रांगेत उभे राहून मूलभूत हक्काचा दावा केला. या तर्काने मास्टर हा संरक्षित व्यावसायिक ठरतो. त्याच्याइतका नशिबावर न विसंबणारा माणूस मी पाहिलेला नाही.

इथे मला माझ्या वाट्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मी राहत होतो त्या मेसमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर मेदिनीपूरकडचा एक कारकून राहत असे. तागाच्या गिरणीत त्याची नोकरी होती, माझ्याहून तो दहा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला दादा म्हणत असे. गावी कॅरममध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पूजेच्या बोनसचे सहाशे रुपये हाती आले त्या संध्याकाळी त्याला बिलियर्ड्स पाहायचे होते. मी त्याला घेऊन गेलो. मास्टरने वाकडा क्यू उचलला तेव्हा पुढचे सारे मला दिसत होते. दादाने पहिल्या दोन फ्रेम जिंकल्या आणि वळून माझ्याकडे पाहून तो हसला. मी गप्प राहिलो.

मध्ये लोडशेडिंग झाले. मेणबत्ती येईपर्यंत काळोखात कोणी टेबलाला हात लावला नाही; चेंडू होते तिथेच राहिले. खोलीला स्वतःचे नियम होते आणि ते कसोशीने पाळले जात. त्यांतला एकही नियम दादाच्या उपयोगाचा नव्हता. रात्री दहाच्या सुमारास सहाशे रुपये संपले. जिना उतरताना मास्टरने मला मागे थांबवून माझ्या हातावर पन्नास रुपये ठेवले. मी ते घेतले. पूजेला दादा गावी गेला नाही. रजा मिळाली नाही, असे त्याने घरी पत्र लिहिले. ते पत्र पेटीत मीच टाकले.

त्या खोलीविषयी हळवे होऊन बोलण्याची सोय मला नाही, ती यामुळे. तरीही तिला काही मर्यादा होत्या, हे नोंदवले पाहिजे. दादाच्या खिशात होते तेवढेच गेले. त्याला तिथल्या तिथे कर्ज देणारा कोणी नव्हता. खोली रात्री अकराला बंद होई. मास्टर एका वेळी एकाशीच खेळू शके आणि त्याचे तोंड सर्वांना ओळखीचे झाले की त्याला मोहल्ला बदलावा लागे. मोबाइलवरच्या खेळाने या साऱ्या मर्यादा पुसल्या. समोरचा खेळाडू कोण, तो किती मुरलेला, मुळात तो माणूस आहे की संगणकाचा प्रोग्राम, हे नवख्याला कळायला मार्ग नाही. त्याची पूर्ण माहिती असते ती खेळ चालवणाऱ्या कंपनीकडे : तो किती वाजता खेळतो, किती हरल्यावर थांबतो, कोणत्या सवलतीने परततो. मास्टरने एका संध्याकाळी नजरेने जोखले असते, ते इथे कोट्यवधी लोकांबाबत अहोरात्र मोजता येते.

म्हणून कौशल्य की नशीब हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. सोडतीत सगळे सारखेच आंधळे असतात. कौशल्याच्या खेळात एक डोळस असतो आणि दुसऱ्याला ते माहीत नसते. अशा ठिकाणी पैसे लावले की कौशल्य हे लुबाडणुकीचे साधन होऊ शकते. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. समोरच्याचे बळ खेळणाऱ्याला कळते का? त्याला थांबता येते का? आणि प्रत्येक डावातून वाटा कोणाला जातो? अड्डेवाल्याच्या या वाट्याला आपल्याकडे ‘नाल’ असा नेमका शब्द आहे. रमीच्या त्याच १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. पुढच्या अर्धशतकात निकालातला कौशल्याचा भाग सर्वांनी उद्धृत केला; नालेचा भाग मागे पडला.

२०२५ च्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच ऑनलाइन खेळांपुरता रद्द केला. पैसे भरून पैसे जिंकण्याची आशा लावणारा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही या कायद्यातली शहाणपणाची गोष्ट. १८६७ च्या कायद्याने दादालाही आरोपी केले असते.

पण संपूर्ण बंदी हेही प्रश्न न विचारण्याचेच एक रूप ठरू शकते. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत भरल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे बंदीच्या आधीची जवळजवळ दोन वर्षे सरकारही नाल घेत होते. ज्यातून महसूल घेतला, त्यात कोण किती हरले आणि ते पैसे कुठून आणले, याचा हिशेब लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. तो नसेल तर परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांकडे वळलेल्या माणसाला हा कायदा शोधणार कसा, आणि कर्जात रुतलेल्याला सोडवणार कसा? शिवाय सट्टा आणि जुगार हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे. पडद्याबाहेरच्या खोल्या, क्लब आणि अड्डे अजून राज्यांच्या जुन्या कायद्यांखालीच आहेत आणि तिथे तोच जुना प्रश्न विचारला जातो.

त्या रात्री धर्मतल्ल्याच्या खोलीत पोलीस आले असते तर बिलियर्ड्स हा कौशल्याचा खेळ आहे, असे मास्टरच्या वकिलाने सांगितले असते, आणि ते खरेच होते. माझ्या हातावरच्या पन्नास रुपयांबद्दल मात्र कोणी काही विचारले नसते.