यंत्राने यंत्रास शिकविणे

एकशिक्षकी शाळेत गुरुजी चौथीचे गणित घेत असता पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेण्याचे काम एखाद्या थोरल्या मुलाकडे असते. ही रीत पंतोजींच्या शाळांपासूनची आहे. मद्रासकडील गावठी शाळांत ती पाहून अँड्र्यू बेल याने तेथील अनाथ मुलांच्या आश्रमात चालविली व १७९७ मध्ये तिजविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्लंडात ती पुढे ‘मद्रास पद्धती’ म्हणून पसरली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे परस्परांस शिकवितात, तेही पुष्कळसे असेच.

त्याच शहरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने २०२३ मध्ये ‘इंडिकट्रान्स २’ हे भाषांतराचे प्रतिमान सिद्ध केले. मराठीसह अनुसूचीतील २२ भाषा त्यात आहेत. अशा प्रतिमानाचे ज्ञान अंकांच्या रूपाने साठविलेले असते, आणि येथे ते अंक सुमारे ११० कोटी आहेत. एवढा भार साध्या संगणकास जड जातो. म्हणून थोरल्या प्रतिमानाकडून शिकवून सुमारे २० कोटी अंकांचे धाकटे प्रतिमानही तयार करण्यात आले.

आकार भिन्न असल्यामुळे थोरल्याचे अंक धाकट्यात जसेच्या तसे उतरविता येत नाहीत. धाकट्याने थोरल्याच्या उत्तरांवरून शिकावयाचे असते. जेफ्री हिंटन व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, केवळ बरोबर उत्तर सांगण्यापेक्षा गुरूचा कल सांगणे अधिक उपयोगी पडते. ‘आज शाळेला — आहे’ ही रिकामी जागा भरताना थोरले यंत्र ‘सुट्टी’ या शब्दास बहुतेक सर्व वजन देईल, ‘कुलूप’ यास थोडे, ‘विहीर’ यास जवळजवळ नाहीच. कोणते उत्तर किती चुकीचे, हेही शिष्यास अशा रीतीने कळते.

मात्र गुरूची खोडही त्याच वाटेने जाते. २०२५ मधील एका प्रयोगात घुबडाची आवड लावलेल्या यंत्राकडून नुसत्या संख्यांच्या रांगा लिहवून घेतल्या. त्यांत घुबडाचा उल्लेख कोठेही नव्हता. तरीही त्या रांगांवर शिकलेल्या दुसऱ्या यंत्रास घुबडच प्रिय झाले! दोन्ही यंत्रे एकाच मूळ प्रतिमानाची होती. मूळ भिन्न असता हा परिणाम सामान्यतः आढळला नाही.

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या शाळेत एखाद्या मुलाने ‘आम्ही रात्री आखाड्यावर होतो’ असे लिहिले, तर गुरुजींस शेतावरील वस्तीच दिसेल. छापील मराठीत आखाडा म्हणजे कुस्तीची जागा. थोरल्या प्रतिमानास तेवढाच अर्थ ठाऊक असेल, तर धाकटेही मुलास कुस्तीच्या हौद्यात नेऊन बसवील, आणि दोघांची उत्तरे जुळली म्हणून तपासणाऱ्यास शंकाही येणार नाही. शेतावरचा आखाडा यंत्रांच्या आपसांतील शिकवणीतून उपजत नाही. तो शब्द बोलणाऱ्यांची वाक्ये व माणसाने केलेली त्यांची भाषांतरे, अशा जोड्या त्यासाठी यंत्रास द्याव्या लागतात.