शाळेतील मल्लखांबाची निगा

ग्रामीण भागातील ज्या शाळांच्या पटांगणात मल्लखांब उभा आहे, त्या शाळांना व्यायामाचे एक उत्तम व अल्पखर्चिक साधन लाभले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या व्यायामास नवजीवन दिले आणि पुढे तालमीतून तो शाळेत आला. मल्लखांबाला चाक नाही, साखळी नाही, फिरता सांधा नाही. म्हणून अधूनमधून एरंडेलाचा हात फिरविला की त्याची निगा राखली गेली, अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. खांबाचा डोळ्यांपुढे असलेला भाग क्वचितच दगा देतो. दगा देतो तो मातीशी भिडलेला भाग.

लाकूड कोठे व का कुजते?

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी ओल आणि हवा या दोन्हींची आवश्यकता असते. खांबाच्या वरच्या भागास हवा भरपूर मिळते, पण तो लवकर वाळतो. खोल पुरलेल्या भागास ओल मिळते, पण हवा फारशी पोचत नाही. ओल व हवा एकत्र नांदतात त्या जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. म्हणून खांब प्रथम तेथे कुजतो. वाळवीही बहुधा तेथूनच शिरते. साग व शिसव यांचा गाभा टिकाऊ खरा, परंतु कडेचे फिकट लाकूड लवकर नासते.

दुर्दैवाने खांबावरील ताणही याच जागी सर्वांत अधिक असतो. जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीच्या खांबावर, बोंडाजवळ चढलेला विद्यार्थी एका बाजूस झुकला, की खांब तरफेप्रमाणे वागतो आणि सारा जोर बुडाशी एकवटतो. वरून तेलाने चकाकणारा खांब अशा वेळी एकाएकी मोडू शकतो.

पाहणी कशी करावी?

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळा संपताच, पुढीलप्रमाणे पाहणी करावी.

१. खांबाभोवतीची माती वीतभर खोल उकरून लाकूड स्वच्छ पुसावे.

२. चारही बाजूंनी अणकुचीदार टोचा दाबून पाहावा. निरोगी लाकूड टोच्यास अडविते; कुजलेल्या लाकडात तो सहज रुततो.

३. बुडाशी हातोडीने हलके ठोके द्यावेत. ठणठणीत आवाज चांगला. बद्द आवाज आल्यास आत पोकळी असल्याचा संशय धरावा.

४. खांब दोन्ही हातांनी हलवून पाहावा. लाकूड धड असून खांब हलत असेल, तर भोवतालची भर पुन्हा घट्ट ठासावी.

५. मान व बोंड यांवरील भेगा आणि निघालेली कुसळे पाहून, कुसळे काचकागदाने घासावीत.

टोचा रुतल्यास खांबाचा वापर त्याच दिवशी बंद करावा. लोखंडी पट्टी ठोकून वा तार गुंडाळून कुजलेले लाकूड सशक्त होत नाही. ‘वापर बंद’ अशी पाटी लावणेही पुरेसे नाही. शाळा सुटल्यावर मुले खांबावर चढतातच, आणि पहिलीच्या मुलास पाटी वाचता येत नाही. असा खांब उपटून आडवा ठेवावा.

नवा खांब पुरण्यापूर्वी जमिनीत जाणाऱ्या भागास, व त्याच्यावर चार बोटे, डांबर लावावे. बुडाशी सिमेंटचा ओटा केल्यास त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे पाणी खांबापाशी साचणार नाही.

तेल, हौद व दोरी

एरंडेल घर्षण कमी करून कातडी सोलवटण्यापासून वाचविते. मात्र जुन्या तेलावर धूळ बसून चिकट थर होतो. तो कोरड्या फडक्याने काढून मगच नवे तेल अगदी पातळ लावावे. तेल अधिक झाल्यास पकड सुटते.

खांबाभोवतीच्या हौदातील माती वापरापूर्वी खणून भुसभुशीत करावी आणि खडे, काचा वेचून काढाव्यात. पावसानंतर दगडासारखी घट्ट झालेली माती पडणाऱ्या मुलास काहीच आधार देत नाही.

दोरीचा मल्लखांब असल्यास शिडीवर चढून वरचे टोक व कडी जवळून पाहावी. दोरी तेथेच अधिक झिजते. दोरीचे पीळ जागोजाग उलगडून पाहावेत. आत तुटलेल्या तंतूंचा भुगा किंवा बुरशीचे काळे डाग आढळल्यास ती दोरी टाकून द्यावी. वापरानंतर दोरी उतरवून कोरड्या खोलीत सैल वेटोळे करून टांगावी.

नोंद

प्रत्येक पाहणीचा दिनांक, आढळलेला दोष व केलेली दुरुस्ती नोंदवहीत लिहून पाहणाऱ्या शिक्षकाने सही करावी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘मल्लखांब, नग १’ एवढीच नोंद असते. खांब शाळेत आहे, इतकेच तिच्यावरून कळते. तो मुलाचा भार पेलण्यास योग्य आहे की नाही, हे दर वर्षी कोणीतरी माती उकरून पाहिल्यासच कळते. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाच्या हाती ही माहिती लेखी पडली पाहिजे, कारण मुले खांबावर चढतात ती शिक्षकावरील विश्वासाने.