साक्ष कोणी द्यायची?

आमच्या मंडळीत रविवारी उपासनेच्या शेवटी साक्षी होतात. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते एकेकजण उभा राहून सांगतो. सांगणारी बहुतेक तरुण पोरं असतात, कोणी पेणचा, कोणी रोह्याकडचा, धाटावच्या कारखान्यात पाळी करणारा. दारू, मारामाऱ्या, बापावर उगारलेला हात, घरातून पळून जाणं, सगळं तपशिलात येतं. मग प्रार्थनेची एक रात्र येते, पश्चात्ताप होतो, बाप्तिस्मा होतो आणि साक्ष संपते. माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं, आणि आयुष्य गेलं शाळेत मराठी शिकवण्यात. गोष्ट कुठे थांबवली, याकडे माझं लक्ष जातंच. या साक्षी फार लवकर थांबतात, असं माझं ठाम मत आहे.

ते झालं नारायण वामन टिळकांमुळे. शाळेच्या पुस्तकातले फुलामुलांचे कवी म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. आम्हा ख्रिस्ती माणसांच्या तोंडी त्यांची भजनं रोज असतात. पण त्यांच्या तरुणपणाविषयी बोलताना आम्ही दबकतो.

त्यांचा जन्म १८६१चा, दापोलीजवळच्या करजगावचा, म्हणजे आमच्याच कोकणातला. आई लहानपणीच गेली, कडक वडिलांशी पटलं नाही आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. त्याच पुढे लक्ष्मीबाई. तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. नवरा बुद्धीने तल्लख, वृत्तीने भडक आणि पाय कुठे न ठरणारा. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा नियतकालिकाचा संपादक. नोकरी सोडली हे बायकोला नंतर कळायचं, आणि कधीकधी नवरा गाव सोडून गेला हेही नंतरच. पाठीमागे ती माहेरी, नाहीतर कुणा नातेवाइकाच्या घरी.

हे बंड नुसतं स्वभावाचं नव्हतं. जातिभेद त्यांना असह्य होता. या देशाला नवा धर्म हवा आणि तो आपणच काढावा, इथवर त्यांची मजल गेली होती. अशा मनःस्थितीत, १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून गेला. टिळकांना ते मुळीच पटलं नव्हतं. तरी वाचीन असा शब्द दिला म्हणून पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायला बसले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं. वैऱ्यावर प्रीती करा, हे सांगणारं. तिथे आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याचा एक साधा विधी. त्या काळात त्याची किंमत काय होती, हे मात्र आजच्या वाचकाला सांगावं लागेल. त्याच १८९५ सालच्या सप्टेंबरात आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनोबा भाव्यांचा जन्म झाला. विनोबाही तसे बंडखोरच. १९१६ साली परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेलाच उतरून काशीला गेले. त्याआधी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. ख्रिस्ताच्या शिकवणीवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. ‘ख्रिस्त-धर्म-सार’ या नावाने त्यांनी ती संकलितही केली. पण विनोबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. ख्रिस्ताचं वचन आवडणं आणि त्याच्या नावाने पाण्यात उतरणं यांत हे अंतर आहे. टिळक उतरले तेव्हा त्यांची जात सुटली, नातलग सुटले आणि पंगतीतलं पान कायमचं उठलं.

ते त्यांनी स्वतः निवडलं होतं. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. ज्या वडिलांनी सोवळ्यापायी घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावलं, त्यांची ही मुलगी. पदरात लहान दत्तू. सधवा आणि तरीही नवऱ्याविना, अशी वर्षं त्यांनी पंढरपुरात आणि इतरत्र काढली. १८६६च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला, जोडीदार परत येत नसेल तर, विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. ते थांबले. जो माणूस आजवर कुठेच थांबला नव्हता, तो बायकोसाठी थांबला. साक्ष सांगायची तर मी इथून सुरुवात करीन.

लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा वेगळी चूल, वेगळं पाणी, आपलं सोवळं घेऊन आल्या. टिळकांनी ते सगळं चालू दिलं. धर्माची सक्ती केली नाही. पुढे जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला, उत्तर शोधलं आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. १९०० साली राहुरीला त्यांचाही बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी आणि स्वतःच्या पायांनी.

टिळक मग शांत झाले का? नाही, आणि म्हणूनच मला ते जवळचे वाटतात. राग राहिला, हट्ट राहिला, खिशातले पैसे समोरच्याला देऊन टाकून घरात खडखडाट करायची सवय राहिली. पण त्या आगीची दिशा बदलली. नगरच्या त्यांच्या घरात परकी पोरं पोटच्या पोरांसारखी वाढली. बालकवी ठोंबरे त्यांतलेच एक, आणि त्यांना माया लावणाऱ्या लक्ष्मीबाईच. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. मंडळीत परदेशी चालीची गाणी चालत होती, तिथे त्यांनी अभंग आणले, टाळ आणले, कीर्तन आणलं. १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ती समाजातल्या काही वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ला, मुंबईत ते वारले.

आमच्या पोरांना मी हे सांगते, तेव्हा त्यांना प्रथम धक्का बसतो. तारण झालं म्हणजे जुना माणूस मेला, असंच त्यांनी ऐकलेलं असतं. मग घरी राग आला की त्यांना वाटतं, आपली श्रद्धाच खोटी. पुष्कळजण तिथेच गळतात. टिळकांचं आयुष्य त्यांना धीर देतं, कारण त्यात बाप्तिस्म्यापुढची चोवीस वर्षंही आहेत.

म्हणून मी पाळकांकडे एक आग्रह धरला. साक्ष देणाऱ्याच्या घरच्या माणसालाही बोलू द्या. पाळकांना आधी ते अवघड वाटलं, पण तयार झाले. पहिल्याच खेपेला एका पोराची बायको उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘पगार आता घरी येतो. आवाज अजून चढतो. पण आधी आपण होऊन माफी कधी मागत नव्हते, आता मागतात.’’ आणि बसली. इतकी खरी साक्ष मी क्वचित ऐकली आहे. नवरा मान खाली घालून ऐकत होता आणि मंडळीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

टिळकांच्या घरची साक्ष आपल्याला लाभली, ती त्यांच्या मुलामुळे. देवदत्तांना, म्हणजे त्या लहान दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी मागितल्या. शाळा अशी फारशी न पाहिलेल्या त्या बाईने जे लिहिलं, ते ‘स्मृतिचित्रे’ म्हणून १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलं. नवऱ्याचा संताप, बेफिकिरी, कविता, दानत, माया, यातलं काही तिने लपवलं नाही. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. त्याचे पुढचे ६४ अध्याय तिनेच लिहिले.